धक्के कुणी सोसायचे? बैलगाडीच्या धुरेपासून मोटारीच्या स्टेअरिंगपर्यंत

(पाचोड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे; बाकी बोलणे आहे तसेच ठेवले आहे.)



आजचा विषय कळल्यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी फोन करून विचारलं, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता स्टेअरिंग आणि स्प्रिंगा शिकवणार का?" आम्ही म्हटलं, हो. गाडी कशी वळते आणि गाडीतल्या माणसाला धक्का का बसतो, हे दोन प्रश्न आम्हाला तत्त्वज्ञानाच्या कुठल्याही प्रश्नाइतकेच जुने वाटतात. त्यातला दुसरा तर आमच्या घरातून गेलेला आहे. तिथूनच सुरुवात करू.

१९६१-६२ ची गोष्ट. आम्ही दहा-अकरा वर्षांचे असू. वस्तीवरून आमच्या मोठ्या बहिणीला, आक्काला, अडलेल्या अवस्थेत रात्री पाचोडला आणायचं होतं. पावसाळा संपत आलेला, काळ्या मातीची वाट, जागोजाग चाकोऱ्या पडलेल्या. गाडीत कडबा अंथरला, त्यावर गोधड्या. तात्या पुढे बैलांच्या वेसणीला धरून पायी चालले होते, कारण अंधारात कासऱ्यावर भरवसा नव्हता. काका चाकाजवळून चालत होते. खड्डा आला की ते आरे धरून चाक हळू उतरवायचे. आई आत आक्काचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. आम्ही मागून कंदील घेऊन.

आक्का वाचली. बाळ वाचलं नाही. धक्क्यांमुळे ते गेलं असं आम्ही म्हणणार नाही, तसा पुरावा आमच्याजवळ नाही. पण आई शेवटपर्यंत म्हणायची, "गाडीनं हाणलं." पुढे बऱ्याच वर्षांनी आमच्या लक्षात आलं की त्या रात्री तीन माणसं मिळून एका यंत्राची कामं करत होती. तात्या म्हणजे स्टेअरिंग. काका आणि कडबा मिळून सस्पेन्शन. आणि आईची मांडी म्हणजे शेवटचा शॉकअप. आजचं व्याख्यान एवढ्याचंच आहे. ही कामं माणसाच्या आणि जनावराच्या अंगावरून लोखंडावर कशी गेली, आणि पूर्ण गेली का?

दायमाबादचा माणूस उभा का आहे?

आपण आपल्या मुलखातूनच निघू. इथून पश्चिमेला प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद आहे, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. तिथे १९७४ साली ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि एक बैलांचा रथ. सगळ्यांचं मिळून वजन ६० किलोच्या वर. त्यांच्या काळाबद्दल विद्वानांमध्ये वाद आहे, पण साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या असाव्यात असं पुष्कळ अभ्यासक मानतात. रथ साधारण ४५ सेंटिमीटर लांब. दोन भरीव चाकं, पुढे लांब दांडी, जुवाला दोन बैल. आणि हाकणारा माणूस उभा.

आम्ही त्या रथाचं चित्र वर्गात पुष्कळदा दाखवलं. मुलं बैलांकडे बघायची. आम्ही सांगायचो, त्या माणसाच्या गुडघ्यांकडे बघा. त्या रथात आसापासून माणसाच्या पायापर्यंत मध्ये मऊ असं काहीच नाही. चाक दगडावर चढलं की तो दणका थेट वर. बसलेल्या माणसाला तो मणक्यात लागेल, उभ्या माणसाचे गुडघे वाकतील. उभ्या माणसाचे गुडघे हीच त्या गाडीची स्प्रिंग. आजही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोरं उभी राहतात ती काही फक्त हौसेनं नाही.

आता तिथून दोन हजार वर्षं पुढे या. आपलं पैठण, म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिकाने समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली, 'पेरिप्लस' म्हणून ती ओळखली जाते. लिहिणाऱ्याचं नाव माहीत नाही. तो सांगतो की भडोचच्या दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणच्या पूर्वेला १० दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. इथला मौल्यवान दगड आणि तगरचं कापड गाड्यांतून भडोचला जायचं, आणि मोठमोठ्या भागात वाट अशी नव्हतीच. बिनवाटेच्या मुलखातून गाड्या! कापडाला धक्का लागत नाही, दगडालाही फारसा लागत नाही. पण वीस दिवस गाडीवर बसणाऱ्या धुरकऱ्याच्या पाठीचं काय झालं, ते कुठल्याच ग्रंथात नाही. इतिहास मालाची नोंद ठेवतो, मणक्याची ठेवत नाही.

बैलगाडी वळते कशी?

आता जरा तंत्राकडे. बैलगाडीला स्टेअरिंग नाही असं आपण म्हणतो, ते खरं नाही. ते आहे, फक्त ते बैलाच्या मानेत आहे. डावीकडे वळायचं तर धुरकरी डाव्या बैलाला रोखतो आणि उजव्याला चुचकारतो. धुरा डावीकडे फिरते, तिच्यामागे आस फिरतो, आणि गाडी वळते.

यात एक हुशारी दडलेली आहे. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर चालतं, आतलं कमी. दोन चाकांत दीड मीटरचं अंतर धरा. गाडी काटकोनात वळली तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ २.४ मीटर जास्त चालतं. वळण मोठं घ्या, लहान घ्या, हा फरक तेवढाच राहतो. घरी दोरी आणि खडू घेऊन करून बघा. आता दोन्ही चाकं आसाला पक्की ठोकलेली असती तर? दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागले असते आणि एकाला फरफटत जावं लागलं असतं. आपल्या सुताराने आस स्थिर ठेवला आणि चाकं त्यावर सुटी फिरती ठेवली. हाच प्रश्न मोटारीत इंजिनाने चाकं फिरवायची म्हटल्यावर पुन्हा उभा राहिला, आणि त्यासाठी डिफरन्शियल आणावं लागलं. बैलगाडीत ते सुतारानेच सोडवलेलं होतं.

धक्क्यांचं मात्र तसं नाही. लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. ती चाकाला आवळून धरते, पण जमिनीला कापते. धाव अरुंद, ओझं जड, मग चाकोरी पडते. एकदा चाकोरी पडली की पुढची प्रत्येक गाडी त्याच चाकोरीत. म्हणजे रस्त्याला खड्डे पाडणारं आणि खड्ड्यांचे धक्के देणारं चाक एकच. हे दुष्टचक्र अक्षरशः चक्रातूनच आलेलं आहे.

आणि हे धक्के फक्त वर बसलेल्यालाच बसतात असं नाही. गाडी मागे जड भरली तर ती उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलाचा गळा आवळला जातो. पुढे जड झाली तर सगळा भार मानेवर. चाक दगडाला अडलं की तो झटका धुरेतून सरळ बैलाच्या खांद्यात. खांदा सुजलेला, सोललेला बैल तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल. म्हणजे बैलगाडीत वळवणाराही बैल आणि सोसणाराही बैलच.

चार चाकांची अडचण

दोन चाकांची गाडी सोपी. चार चाकं आली की वळणं अवघड होतं. युरोपातल्या बग्ग्यांत पुढचा सगळा आस मधल्या एका खिळ्यावर फिरवायचे. वळताना पुढची दोन्ही चाकं गाडीखाली शिरायची, गाडीचा आधार अरुंद व्हायचा, आणि जोरात वळलं तर ती कलंडायची.

यावर म्युनिकच्या जॉर्ज लांकेन्स्पर्गर नावाच्या बग्गी बांधणाऱ्याने तोडगा काढला. त्याने आख्खा आस फिरवला नाही. आस जागच्या जागी ठेवून त्याच्या दोन टोकांना दोन चाकं वेगवेगळ्या खिळ्यांवर फिरती केली. लंडनमधले त्याचे प्रतिनिधी रुडॉल्फ अकरमन यांनी १८१८ साली त्याचं पेटंट घेतलं. शोध एकाचा, नाव दुसऱ्याचं. आज जगभर त्याला अकरमन स्टेअरिंग म्हणतात. गंमत अशी की उत्क्रांतिवादाचे चार्ल्स डार्विन यांचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी त्याच्याही पन्नासेक वर्षं आधी अशीच युक्ती स्वतःच्या गाडीसाठी योजली होती. ते वैद्य होते, रोग्यांकडे गाडीने जायचे. धक्के आणि वळणं ज्याच्या वाट्याला येतात, त्यालाच ती सुधारावीशी वाटतात.

या तोडग्याचं मर्म असं. गाडी वळते तेव्हा चारही चाकं एकाच मध्याभोवती वर्तुळं काढतात. आतलं चाक लहान वर्तुळावर, म्हणून त्याने जास्त वळायला हवं. बाहेरचं मोठ्या वर्तुळावर, म्हणून कमी. एक लहान मोटार घ्या. पुढच्या-मागच्या चाकांत २.४ मीटर, डाव्या-उजव्यात १.४ मीटर. मागच्या आसाच्या मध्यापासून मोजलेल्या ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर आतलं चाक सुमारे २९ अंश वळायला हवं आणि बाहेरचं सुमारे २३. दोन्ही सारखीच वळवली तर एक घासणार. मग दोन चाकांना जोडणारा दांडा, ज्याला आपले मेकॅनिक टाय रॉड म्हणतात, तो अशा तिरक्या हातांना जोडतात की हा सहा अंशांचा फरक आपोआप पडतो. तो फरक सगळ्याच वळणांवर तंतोतंत जमत नाही, पण कामापुरता जमतो.

धक्क्यांकडेही त्याच सुमारास लक्ष गेलं. आधी बग्गीचा डबा चामड्याच्या पट्ट्यांवर टांगायचे, तो झोपाळ्यासारखा हलायचा आणि आतल्यांना मळमळायचं. १८०४ मध्ये लंडनच्या ओबाडाया इलियट यांनी एकावर एक लोखंडी पट्ट्या ठेवलेल्या कमानदार स्प्रिंगांवर गाडी बसवली. आपल्याकडे ट्रकवाले त्यांना पाटे म्हणतात. "पाटा तुटला" म्हणजे काय ते या गावात कुणाला सांगायला नको. दोनशे वर्षं झाली, ट्रकच्या आणि पिकअपच्या खाली आजही पाटेच आहेत.

तीन चाकांचा शहाणपणा

१८८६ साली कार्ल बेंझ यांनी आपल्या मोटारीचं पेटंट घेतलं. ती तीन चाकी होती. कारण चार चाकं नीट वळवण्याची रीत त्यांच्या मनाला पटेल अशी तेव्हा त्यांच्याकडे नव्हती. अकरमनचं पेटंट तर ६८ वर्षं आधीच झालेलं! ज्ञान जगात असतं, पण गरजवंताच्या हाती ते वेळेवर पोचतंच असं नाही. १८९३ मध्ये बेंझ यांनी चार चाकं वळवण्याची आपली रीत पेटंट केली आणि मग चार चाकी गाडी काढली.

तुम्ही म्हणाल, तीन चाकी गाडी म्हणजे मागासलेली. मग वाळूजला जाऊन बघा. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून तिथे आहे, आणि वाळूजच्या तीन चाकी रिक्षा देशात आणि परदेशात चालतात. पुढे एकच चाक, त्यामुळे अकरमनची भानगड नाही. स्टेअरिंगही गोल नाही, सायकलसारखं हँडल. जिथे रस्ता अरुंद आणि पैसा कमी, तिथे बेंझचा १८८६ चा मार्ग अजून उपयोगी आहे. किंमत एवढीच, की जोरात वळताना तीन पायांची तिवई चार पायांच्या खाटेपेक्षा लवकर कलंडते.

सुरुवातीच्या मोटारींनाही गोल चाक नव्हतं, होडीच्या सुकाणूसारखा दांडा होता. १८९४ च्या पॅरिस ते रूआँ शर्यतीत आल्फ्रेड वाशेरोन यांनी गोल चाक लावलं. दांड्याला खालचा प्रत्येक हिसका थेट हातात यायचा. गोल चाक आणि त्याखाली दातेरी पेटी आल्यावर हाताचे बरेच फेरे म्हणजे रस्त्यावरच्या चाकाची थोडी हालचाल, असं झालं. हिसका कमी झाला. आणि १८८८ मध्ये डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचं टायर केलं. हवा ही सगळ्यात स्वस्त स्प्रिंग.

दोघांचं भांडण

आता आपण मुख्य गोष्टीकडे आलो. स्टेअरिंग आणि सस्पेन्शन ही दोन वेगळी खाती आहेत असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती एकाच चाकावर नांदतात आणि त्यांचं भांडण चालतं. सस्पेन्शन म्हणतं, चाकाला वरखाली मोकळं सोडा. स्टेअरिंग म्हणतं, चाक माझ्या हुकमाबाहेर तसूभर हलता कामा नये. दोघांचं ऐकायचं कसं?

आपल्याकडची जुनी जीप घ्या. पुढे अखंड आस, दोन्ही बाजूंना पाटे. डावं चाक दगडावर चढलं की आख्खा आस तिरका होतो, म्हणून उजवं चाकही कलतं. फिरतं चाक असं एकदम कललं की ते भोवऱ्यासारखं आडव्या दिशेला वळायला बघतं. शिवाय स्टेअरिंगचा दांडा एका कमानीत हलतो आणि पाटा दुसऱ्या कमानीत. दोन्ही कमानी जुळल्या नाहीत, तर खड्ड्यात चाक खाली गेलं की ड्रायव्हरने काही न करता गाडी बाजूला ओढते. एका ठरावीक वेगाला तर पुढची चाकं थरथरायला लागतात आणि स्टेअरिंग हातात नाचतं.

पाश्चात्त्य देशांत १९२०-३० च्या दशकात गाड्यांचा वेग वाढला तसं हे असह्य झालं. मॉरिस ऑली नावाचे इंजिनिअर रोल्स रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेले. त्यांनी प्रश्न नीट मांडला. स्प्रिंग किती मऊ हवी? हिशोब सोपा आहे. गाडीच्या वजनाने स्प्रिंग ६ सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला सुमारे दोन झोके घेते. २५ सेंटिमीटर दबत असेल, तर सेकंदाला एकच. माणसाला संथ झोका बरा वाटतो. पण अखंड आसावर एवढी मऊ स्प्रिंग ठेवली तर आस वाटेल तसा हलणार. म्हणून पुढची दोन चाकं एकमेकांपासून तोडली, प्रत्येकाला स्वतंत्र हात आणि स्वतंत्र स्प्रिंग दिली. १९३४ मध्ये जनरल मोटर्सच्या गाड्यांवर अशी रचना आली. ती फक्त गादीसाठी नव्हती. मऊ स्प्रिंग आणि शिस्तीचं स्टेअरिंग एकत्र नांदण्यासाठी होती.

आणि शॉकअप कशाला? स्प्रिंग धक्का खाते, पण गिळत नाही. ती तो साठवते आणि परत करते. एकट्या स्प्रिंगवर गाडी खड्ड्यानंतर झुलतच राहील. शॉकअपमध्ये तेल बारीक भोकांतून दाबलं जातं, झोक्याची ताकद उष्णतेत जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावा, गरम लागेल. तुमच्या पाठीला बसायचा तो धक्का तिथे शिजलेला असतो.

आपल्या देशात याच्या दोन जाती रस्त्यावर दिसायच्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, पुढची पद्मिनी, कुर्ल्यात बनायची. तिच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र गुंडाळी स्प्रिंगा, मागे पाटे. अॅम्बॅसॅडरच्या पुढे पीळ खाणाऱ्या सळ्या, मागे पाटेच. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली. तिच्या पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवलेले. हा खांबच वळतो आणि हा खांबच धक्का खातो. भांडणाऱ्या दोघांचा एका खोलीत संसार लावला म्हणा ना.

ड्रायव्हरचे दंड

आम्ही मोटारी पाहिल्या त्या प्रथम एसटीच्या रूपात. मराठवाडा त्याआधी निजामाच्या राज्यात. १९३२ साली निजाम सरकारने २७ बस घेऊन सरकारी मोटारसेवा सुरू केली. महाराष्ट्राची पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि इथली सेवाही त्यात मिळाली. चिकलठाण्याच्या एसटी कार्यशाळेत चासीवर बसची बॉडी बांधतात, हे तुम्हाला माहीतच आहे.

त्या काळचा एसटी ड्रायव्हर स्टँडमध्ये बस वळवताना तुम्ही पाहिला असेल. उभा राहून, दोन्ही हातांनी, अख्खं अंग टाकून स्टेअरिंग ओढायचा. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्येच तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टेअरिंग करून दाखवलं होतं, आणि १९५१ मध्ये ते क्रायस्लरच्या मोटारीत विकायला आलं. आपल्या ड्रायव्हरच्या खांद्यापर्यंत पोचायला त्याला पुढे कित्येक दशकं लागली. मधल्या काळात ते काम बैलाच्या मानेवरून निघालं होतं खरं, पण ते ड्रायव्हरच्या दंडावर येऊन बसलं होतं.

आता एक आमची स्वतःची हकिगत सांगतो. गाडी कुणाची, गॅरेज कुणाचं, ते सांगत नाही. साधारण १९८८-८९ मध्ये आम्ही एका भाड्याच्या जीपमधून बीडच्या बाजूने येत होतो. आत बारा-तेरा माणसं. ड्रायव्हर सकाळपासून म्हणत होता, स्टेअरिंगला "खेळ" आहे. म्हणजे चाक चार बोटं फिरवलं तरी गाडी वळत नाही. मालक म्हणाला होता, पुढच्या महिन्यात बघू. एका मोरीजवळ खड्डा आला, खाली खट्ट आवाज झाला आणि स्टेअरिंग मोकळं फिरायला लागलं. टाय रॉडचं टोक निखळलं होतं. एक चाक डावीकडे, दुसरं सरळ. वेग कमी होता म्हणून जीप शेतात उतरून थांबली. एकाचा हात मोडला, बाकी आम्ही सगळे खरचटून सुटलो.

आम्ही नंतर त्या जीपजवळ उभे राहिलो. टपावर नवी कोरी कॅरिअर होती. काचेवर झालर, आत टेप. आणि ज्या बोटभर जोडावर तेरा जिवांचा भार होता त्याला ग्रीस नव्हतं, रबर फाटलेलं होतं, आत धूळ. आमच्या आजोबांनी वंगणाची नळकांडी गाडीला टांगल्याशिवाय कधी बैल जुंपले नाहीत. आपण यंत्र घेतलं, वंगण विसरलो.

सुखाचं ओझं

वाळूजमध्ये आज एन्ड्युरन्ससारखी कंपनी दुचाकी-तीनचाकींचे शॉकअप बनवते. म्हणजे धक्का गिळणारं यंत्र आपल्याच जिल्ह्यात तयार होतं. आपल्या पाचोडची मोसंबी पिकअपमधून जाते. खालच्या थरातलं फळ दबलं की भाव पडतो, हे व्यापाऱ्यालाही कळतं. मग प्रश्न सुटला का?

इतिहासात एक गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा दिसते. प्रत्येक वेळी यंत्राने जो आराम दिला, तो आपण ओझ्यात बदलून घेतला. लोखंडी धावेच्या जागी रबरी टायर आलं, बैलाला ओढायला सोपं झालं. मग आपण काय केलं? गाडीत जास्त भरलं. आपल्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या टायरगाड्या बघा. टायर मऊ, पण ओझं टनांत, आणि बहुतेक गाड्यांना ब्रेक नाही. उतारावर ते सगळं ओझं बैल मानेने अडवतो. पिकअपचे पाटे वाढवून घेतले, मग माल दुप्पट भरला. पाटे वाढवले की गाडी रिकामी असताना आपटते, आणि पुढचं टोक उचललं गेलं की स्टेअरिंग हलकं होतं. एकाचं सुख दुसऱ्याच्या हिशोबात.

धुरीण कोण?

शेवटी थोडं आमच्या विषयाचं. कठोपनिषदात देह हा रथ, बुद्धी हा सारथी, मन हा लगाम आणि इंद्रियं हे घोडे, असं रूपक आहे. प्लेटोनेही आत्म्याला रथ म्हटलं. दोन्हीकडे सगळी चर्चा आवरण्याची, वळवण्याची, म्हणजे स्टेअरिंगची. त्या रथांना स्प्रिंगा होत्या का, धक्का कुणाला बसत होता, हे कुणी विचारत नाही. नियंत्रणाचं तत्त्वज्ञान आपण अडीच हजार वर्षं केलं. सोसण्याचं फार थोडं केलं.

पण आपल्या मराठी भाषेने ते ध्यानात ठेवलं आहे. पुढाऱ्याला आपण 'धुरीण' म्हणतो. धुरीण म्हणजे कासरा धरणारा नव्हे. धुरीण म्हणजे धुरा वाहणारा, म्हणजे बैल. धुरंधरही तोच. भाषेने मोठेपणाचा मान हाकणाऱ्याला न देता ओढणाऱ्याला दिला. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं. कुठलीही व्यवस्था तपासायची असेल, मग ती गाडी असो, दवाखाना असो की घर असो, तर दोन प्रश्न विचारा. वळवतो कोण? आणि धक्का कुणाला बसतो? दोन्ही उत्तरं वेगवेगळी आली, तर कुठेतरी जोड झिजलेला आहे असं समजा.

त्या रात्री तात्या आणि काका, दोघेही पायी चालत होते. वळवणाऱ्यानेही धक्के खाल्ले. एवढं तरी त्या गाडीत न्याय्य होतं.

श्रोत्यांचे प्रश्न

एका विद्यार्थ्याने विचारले : सायकल हात सोडून सरळ कशी जाते? मोटारीचं स्टेअरिंग वळणानंतर आपोआप सरळ का होतं?

उत्तर : चांगला प्रश्न. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो. त्याची रेघ खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे पडते. म्हणजे चाक त्या रेघेच्या मागे ओढलं जातं, खुर्चीच्या फिरत्या चाकासारखं, आणि मागे ओढलं जाणारं चाक सरळ व्हायला बघतं. मोटारीच्या चाकालाही असाच तिरकेपणा दिलेला असतो. सायकलमध्ये तोल सांभाळणाऱ्या आणखीही गोष्टी आहेत, पण मोटारीपुरतं हे मुख्य. अलाइनमेंट करताना तपासतात त्यात हा कोनही असतो.

एका शेतकरी बंधूंनी विचारले : सर, आमच्या पिकअपचं स्टेअरिंग एका बाजूला ओढतं. काय बघावं?

उत्तर : आम्ही मेकॅनिक नाही, पण आधी टायरची हवा बघा, दोन्हीकडे सारखी आहे का. मग ब्रेक एका बाजूला चिकटतोय का. मग एखादा पाटा तुटलाय का, आणि मग टाय रॉडची टोकं आणि बुश. आणि दादा, मेकॅनिक म्हणाला "पुढच्या महिन्यात बघू", तर ऐकू नका. त्याच दिवशी बघा. पिकअपमध्ये मागे कुणाच्या तरी घरची आक्का बसलेली असते.